ओइगावा रेल्वे: कानाया ते इकावा, मधला तुकडा सोडून

गुरुवार

चुलतभाऊ शिझुओका प्रांतातल्या हमामात्सुला नोकरीला आहे, त्यामुळे जपानला जायचं ठरल्यावर टोकियो-क्योतो वगैरे उरकून शेवटचे दिवस त्याच्याकडेच ठेवले होते. नोव्हेंबर २०२३. बरोबर आई होती, वय अडुसष्ट, शुद्ध शाकाहारी आणि गुडघ्यांसकट उत्साही. दादाला म्हटलं आता मंदिरं पुरे, एखादी रेल्वे दाखव, डोंगरातली, खाजगी, जिथे आपल्यासारखे लोक फारसे जात नाहीत अशी. तो म्हणाला अगं मग ओइगावाच, घरापासून तासाभरावर आहे आणि मी इतकी वर्षं इथे राहून वर टोकापर्यंत गेलेलो नाही. वहिनीने मात्र आधीच सांगितलं की मधला रूळ वाहून गेलाय, मी कार घेऊन येते, तुम्ही बसा तुमच्या गाड्यांमध्ये.

तर हमामात्सुहून जेआरच्या (म्हणजे पूर्वीच्या सरकारी रेल्वेच्या) लोकलने पाऊण तासात कानाया. ओइ नदी इथे चांगली रुंद आहे, नुसता गोट्यांचा पसारा आणि त्यातून दोन-तीन धारा. आता हिच्यावर एवढे पूल दिसतात, पण एदो काळात, म्हणजे तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांच्या, लष्करी सत्ताधीशांच्या राज्यात, या नदीवर पूल बांधायचा नाही आणि नावही चालवायची नाही असा नियम होता. एदो (आताचं टोकियो) ते क्योतोचा हमरस्ता इथून जायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने हमालाच्या खांद्यावर बसून किंवा लाकडी पाटावर बसून नदी ओलांडायची. भाडं पाण्याच्या खोलीवर! गुडघाभर पाणी असेल तर स्वस्त, छातीपर्यंत आलं की महाग, आणि त्याच्याही वर चढलं की नदी बंद, मग बसा काठावरच्या सराईत पैसे संपेपर्यंत. आई म्हणाली म्हणजे रिक्षावाल्यांचा पावसातला रेट.

मेइजी क्रांतीनंतर, म्हणजे शोगुनची सत्ता जाऊन सम्राटाची आल्यावर, हा नियम गेला आणि हमाल बेकार झाले, तिकडे शोगुनचे सामुराईही बेकार झालेले, मग या दोन्ही मंडळींनी वरचं माकिनोहाराचं ओसाड पठार खणून तिथे चहा लावला. आज ते पठार जपानमधल्या सगळ्यात मोठ्या चहापट्ट्यांपैकी एक आहे. आम्ही संध्याकाळी वर जाऊन आलो. चहाच्या कापलेल्या गुबगुबीत रांगा आणि त्यांच्यामध्ये उंच खांबांवर पंखे, हजारो असावेत. मला वाटलं पवनचक्क्या, पण दादा म्हणाला ते पानांवर गोठणाऱ्या दवापासून वाचवायला आहेत, थंडीच्या रात्री गार हवा जमिनीलगत साचते आणि वर थोडी उबदार असते, ती खाली ढकलतात. म्हणजे शेताला फॅन लावलेत! नदीवर १८७९ साली याच चहावाल्यांच्या सोयीसाठी बांधलेला होराई पूल आहे, लाकडी, पायी चालायचा, ८९७.४ मीटर, गिनीजमध्ये नोंद झालेला. कठडा मांडीपर्यंतसुद्धा येत नाही आणि वारा असा की आई अर्ध्यातून परत फिरली. आम्ही पलीकडे जाऊन आलो, पलीकडे काही विशेष नाही.

शुक्रवार

ओइगावा रेल्वेचं खरं ठाणं शिन-कानाया, जेआरच्या कानायाहून पुढचंच स्टेशन. १९२७ ची लाकडी इमारत आहे आणि आत अजून जाड पुठ्ठ्याची तिकिटं मिळतात, आपल्याकडे लहानपणी मिळायची तशी. भाचा सहा वर्षांचा, तो जन्मापासून तिकडेच, त्यामुळे त्याच्यासाठी ही रेल्वे म्हणजे थॉमस, मुलांच्या गोष्टींतलं ते तोंडवालं इंजिन. यार्डात निळा थॉमस खरोखर उभा होता, तोंडासकट, धूर सोडत. हे सी-११ जातीचं २२७ नंबरचं इंजिन, २०१४ पासून ठराविक दिवसांत थॉमस होऊन धावतं. थॉमसची तिकिटं मिळाली नव्हती, कधीचीच संपलेली, त्यावरून भाच्याने जपानी आणि मराठी दोन्ही भाषांत भोकाड पसरलं.

हेच इंजिन मुळात या कंपनीला वाचवणारं. खालची लाइन कानाया ते सेन्झु ३९.५ किलोमीटर, १९३१ ला पुरी झाली, लाकूड आणि धरणांचं सामान वाहायला. धरणं झाली, लाकूड ट्रकवर गेलं, गावं रिकामी व्हायला लागली, मग रेल्वेने वाहायचं काय? जपानच्या सरकारी रेल्वेने वाफेची इंजिनं मोडीत काढली आणि त्याच १९७६ च्या जुलैमध्ये या छोट्या कंपनीने त्यातलंच एक आणून चालू केलं. बाकीच्या गाड्यासुद्धा सगळ्या दुसऱ्यांनी वापरून झालेल्या. ओसाकाकडच्या नानकाई कंपनीच्या, किंतेत्सुच्या, टोकियोच्या तोक्यूच्या जुन्या विजेच्या गाड्या इथे आपापल्या मूळ रंगात फिरतात, कंपनीने रंग बदलायचा खर्चही केला नाही आणि आता त्या जुन्या रंगांसाठीच रेल्वेवेडे कॅमेरे घेऊन येतात. मला हे फार आवडलं, गरिबीचंच तिकीट लावलंय.

आमची गाडीही वाफेच्या इंजिनाचीच, डबे जुने, लाकडी फरशी, काचा वर सरकवायच्या, एसी नाही, छताला पंखे. गार्ड काका वयस्कर, मधूनच माइकवर गाणं म्हणत होते आणि अख्खा डबा साथ देत होता. एक बोगदा आला आणि खिडकी उघडी, मग काय, आईच्या पांढऱ्या स्वेटरवर काळे ठिपके. कोळशाचा तो वास आईला इतका ओळखीचा की ती एकदम तिच्या माहेरच्या प्रवासाच्या गोष्टी सांगायला लागली, कराडला जाताना डोळ्यात कोळसा गेल्याच्या. बेंटोमध्ये, म्हणजे तिकडच्या जेवणाच्या तयार डब्यात, मासा होताच, आईने भात, लोणचं आणि आपला मेथीचा ठेपला खाल्ला.

नुकुरीच्या पुढे गाडी नदी ओलांडते आणि पुलापलीकडेच काठावर गरम पाण्याच्या झऱ्यांचं स्नानगृह आहे. उघड्यावरची कुंडं, आणि इंजिनाची शिट्टी ऐकली की आतले लोक उठून गाडीला हात करतात, अंगावर काहीही नसताना. गाडीतले लोकही हात करतात. आईने आधी केला, मग तिच्या लक्षात आलं.

पुढचं स्टेशन कावाने-ओन्सेन-सासामादो आणि सध्या गाडी इथेच संपते. २०२२ च्या सप्टेंबरमधल्या १५ नंबरच्या वादळात (तिकडे वादळांना नंबर असतात) एका रात्रीत इतका पाऊस पडला की लाइनवर ठिकठिकाणी दरडी आल्या आणि भराव वाहून गेला. डिसेंबरात इएयामापर्यंत गाडी सुरू झाली, पुढचा हा छोटा तुकडा २०२३ च्या १ ऑक्टोबरला, म्हणजे आम्ही जायच्या महिनाभरच आधी. त्यापुढे सेन्झुपर्यंत बंद. सासामादोला इंजिन फिरवायला टर्नटेबल नाही, म्हणून गाडीच्या दुसऱ्या टोकाला एक जुनं इलेक्ट्रिक इंजिन लावलेलं असतं, परतताना ते ओढतं आणि वाफेचं इंजिन मागे उलटं लोंबत जातं. टर्नटेबल आहे ते सेन्झुला, १८९७ सालचं, इंग्लंडमध्ये बनवलेलं, हाताने ढकलून फिरवायचं. पण तिथपर्यंत रूळच चालू नाही.

स्नानगृहात आई काही यायला तयार नव्हती. "मी नाही बाई, चार बायकांसमोर." वहिनी म्हणाली काकू, इथे कोणी कुणाकडे बघत नाही, आणि शेवटी तिला घेऊन गेलीच. तासाभराने बाहेर आली तर चेहरा लालबुंद आणि म्हणते गुडघे मोकळे झाले, उद्या परत आहे का?

मग कारने वर. हा रस्ता म्हणजे या सगळ्या प्रवासातला मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला भाग, कारण रूळ सतत बाजूला दिसतो आणि त्याच्यावर काहीच चालत नाही. रुळांवर गंज चढलेला, स्लीपरमधून कमरेइतकं गवत, एका ठिकाणी वेल सिग्नलच्या खांबावर चढून दिव्यापर्यंत पोचलेला. स्टेशनांच्या फलाटांवर वेळापत्रकाच्या पाट्या तशाच. शिओगोला २२० मीटर लांब झुलता पूल आहे, तो घरांवरून, रस्त्यावरून आणि रुळावरून जातो, एरवी लोक वर उभं राहून खालून जाणाऱ्या इंजिनाचा धूर अंगावर घेतात. आम्ही गेलो तेव्हा पुलावर आम्ही आणि एक आजोबा, कुत्र्याला फिरवत होते. दादाने त्यांना विचारलं, गाडी नाही तर तुमचं अडतं का? ते म्हणाले आमचं काय, आमच्याकडे मोटारी आहेत, पण नातवंडं रेल्वेने शाळेला जायची.

शिओगोच्या बंधाऱ्याची आणखी एक गोष्ट. वीज कंपनी इथे नदीचं पाणी उचलून बोगद्यांतून खाली न्यायची, त्यामुळे बंधाऱ्याखाली कित्येक वर्षं नदी म्हणजे नुसता दगडांचा माळ होता. लोकांनी आमचं पाणी परत द्या म्हणून मोठं आंदोलन केलं तेव्हा १९८९ पासून थोडंतरी पाणी सोडायला लागले. हे रेल्वेशी संबंधित वाटत नाही पण आहे, उद्याच्या लाइनचा मालक हीच वीज कंपनी.

मुक्काम सेन्झुला.

शनिवार

आजची इकावा लाइन, सेन्झु ते इकावा २५.५ किलोमीटर, लागणारा वेळ पावणेदोन तासांच्या वर. सायकलवाला सुद्धा बरोबरीने येईल. आधी १९३५ ला धरणाच्या कामासाठी छोट्या, ७६२ मिलिमीटर गेजवर (रुळांमधल्या अंतरावर) टाकली, मग लगेच रूळ १०६७ ला रुंद केले म्हणजे खालच्या लाइनचे मालडबे सरळ वर जातील, पण बोगदे तेच ठेवले! त्यामुळे रूळ मोठे आणि डबे बुटके, रुंदीला दोन मीटरसुद्धा नाहीत. एका बाजूला दोन सीट, दुसऱ्या बाजूला एक, दादा सहा फुटी, तो दारातून वाकून शिरला आणि मग बाहेर येईपर्यंत सरळ झालाच नाही. दारं हाताने उघडायची. १९५४ ला वीज कंपनीने लाइन इकावापर्यंत नेली, १९५९ पासून ओइगावा रेल्वे त्यावर प्रवासी गाड्या चालवते. रूळ वीज कंपनीचे, चालवणारी रेल्वे, आणि तोटा वीज कंपनी भरून देते. म्हणून तर ही वरची, जंगलातली, जवळपास कुणीही न राहणारी लाइन चालू आहे आणि खालची, जिच्यावर शाळा, गावं, दवाखाना सगळं आहे, ती बंद पडलीय. तिच्यामागे उभं राहणारा असा कोणी धनी नाही. दादा म्हणाला सोपं आहे, ज्याच्या रुळाला मालक श्रीमंत तो जगला.

डिझेल इंजिन कायम उताराच्या बाजूला, म्हणजे चढताना मागून ढकलतं, पुढे नुसता ड्रायव्हरचा डबा. वळणं इतकी की चाकं सतत किंचाळतात. झाडांच्या फांद्या काचेला घासतात. अधूनमधून स्टेशनं, कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही, गार्ड प्रत्येक ठिकाणी उतरून फलाटावर इकडेतिकडे बघतो, शिट्टी मारतो.

आप्त इचिशिरोला सगळे उतरतात. इथून नागाशिमा डॅमपर्यंतचं दीड किलोमीटर म्हणजे या लाइनचा कळस. नवं धरण होणार म्हणून जुनी लाइन पाण्यात जाणार होती, बहुतेक ठिकाणी अशा वेळी रेल्वे बंद करून बस देतात, इथे त्यांनी १९९० ला लाइन उचलून वर नेली आणि चढ एवढा झाला की साधी चाकं घसरणार, म्हणून मधोमध दातेरी रूळ टाकला. स्विस इंजिनिअर आप्तची पद्धत. आपली उटीची गाडी चढते ती हीच, पण उटीचा चढ १२ ला १ आणि हा ११ ला १, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ९ मीटर वर. माथेरानची गाडी २० ला १ चढते, दात्यांशिवाय, आणि आपल्या बोरघाटात ३७ ला १ साठी कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावतात. जपानमध्ये चालू असलेली दातेरी लाइन आता ही एकच.

इथे मागून आणखी एक इंजिन जोडतात, खास इलेक्ट्रिक, फक्त या दीड किलोमीटरसाठीच वरची तार टाकलीय. सगळे पर्यटक मोबाईल वर करून ओळीने उभे. मी मात्र खाली वाकून रुळामधला दातेरी भाग बघितला: एक नाही, तीन पोलादी पट्ट्या शेजारी शेजारी, आणि तिघींचे दाते एकमेकांपासून थोडे थोडे सरकवलेले, म्हणजे इंजिनाचं कुठलं ना कुठलं चाक कायम पकडीत असतं. त्याच्यावर काळं ग्रीस आणि ग्रीसला चिकटलेली मेपलची लाल पानं. जोडणाऱ्या माणसाने कपलिंग लावलं, हाताने हलवून बघितलं, बोट रोखून मोठ्याने काहीतरी म्हटलं. हे बोट दाखवून बोलणं जपानी रेल्वेत सगळीकडे, कोणी बघत असो नसो. भाचा तेच करत दिवसभर फिरत होता, बाथरूमच्या दिव्याकडेसुद्धा.

गाडी सुटली आणि खिडकीतून दिसलं की आपला डबा तिरपा झालाय. धरणाची भिंत बाजूला, ती आधी डोक्यावर आणि मग हळूहळू डोळ्यांच्या रेषेत. आईने पाण्याची बाटली सीटवर आडवी ठेवून बघितली, ती सरळ मागच्या माणसाकडे गेली.

ओमोरी स्टेशनला रस्ताच नाही, पायवाटसुद्धा धड नाही, धरणाच्या कामाच्या वेळी मजुरांची वस्ती होती म्हणून स्टेशन. आता फलाटावर तानुकी नावाच्या जपानी रानटी प्राण्याचे मातीचे पुतळे बसलेत. अस्वल आल्यामुळे मध्यंतरी इथे उतरायलाच बंदी होती. तरी एक मुलगा उतरला, पाठीवर कॅमेरा, एकटाच, आणि सगळ्या गाडीने त्याला निरोप दिला. त्याच्या पुढे सेकीनोसावाचा पूल, खाली ७० मीटर दरी, जपानमधला सगळ्यात उंच रेल्वे पूल आता हाच. मी खाली बघितलं आणि लगेच समोर बघायला लागले. पोट ढवळलं.

इकावा, ६८६ मीटर. थंडी. प्रशासनाच्या हिशोबात हे अजून शिझुओका शहरच आहे, तिथल्या एका वॉर्डात हे सगळे डोंगर येतात! स्टेशनच्या वर इकावा धरण, १९५७ चं, आतून पोकळ ठेवून बांधलेलं, कारण त्या वेळी सिमेंट मजुरीपेक्षा महाग होतं. त्या सिमेंटसाठीच ही लाइन. जुनं इकावा गाव पाण्याखाली गेलं, आपल्या कोयनेच्या लोकांना यातलं काही वेगळं सांगायला नको. स्टेशनपासून पुढे मालगाडीचा एक तुकडा होता, १९७१ ला बंद पडला, त्याचे रूळ तसेच आहेत आणि त्यावरून बोगद्यातून चालत तळ्याकाठी जाता येतं. आम्ही गेलो, मस्त आहे, टॉर्च घ्या.

दादाने इथे सांगितलं की याच नदीच्या उगमाकडच्या डोंगरांखालून टोकियो-नागोयाच्या नव्या मॅग्लेव्हचा (चुंबकावर तरंगत धावणाऱ्या रेल्वेचा) बोगदा जायचाय, ताशी ५०० किलोमीटरची गाडी. बोगद्यात नदीचं पाणी झिरपून जाईल म्हणून शिझुओका प्रांताने तेव्हा वर्षानुवर्षं परवानगी अडवून धरली होती. आपल्या पाण्यासाठी एकदा भांडलेली माणसं, ती का लगेच हो म्हणतील. शिवाय त्या गाडीचं एकही स्टेशन या प्रांतात नाही.

परतताना ओकुओइ-कोजोला उतरलो, तळ्यात घुसलेल्या डोंगराच्या चोचीवर स्टेशन, दोन्हीकडे लाल पूल, फोटोंमध्ये दिसतं ते हेच. फोटो मात्र स्टेशनातून येत नाही, पुलाच्या कडेच्या पायवाटेने पलीकडे जाऊन भरपूर पायऱ्या चढून रस्त्यावर जायचं, तिथून येतो. आई खाली बसली, स्टेशनवर एक घंटा आहे जोडप्यांनी वाजवायची, ती तिने एकटीने वाजवली. वरून तळ्याकडे नीट बघितलं तर पाण्याच्या काठाला जुन्या लाइनचा पूल आणि बोगद्याचं तोंड दिसतं. गर्दी होती भरपूर, शनिवार आणि पानं रंगलेली. खाली फलाटावर मोजून पन्नास माणसं आणि बुटके डबे, परतीला आम्ही उभ्याने आलो, दादा मान वाकडी करून.

रविवार

सेन्झुहून सुमाताक्योला गेलो, तिथला झुलता पूल प्रसिद्ध, ९० मीटर, एका वेळी दहाच माणसं. पाणी असं निळं-हिरवं की कुणीतरी रंग टाकलाय असं वाटावं, पाण्यात तरंगणारे बारीक कण निळा प्रकाश जास्त फेकतात म्हणून. पण सुट्टीच्या दिवशी पुलाची रांग तासाभराची आणि पूल पाच मिनिटांत संपतो. माझ्या मते वेळ नसेल तर हे सोडा आणि इकावा लाइनवर आणखी एका स्टेशनला उतरा.

परत खाली येताना वहिनीने शिन-कानायाला गाडी थांबवली कारण भाच्याला थॉमसचा डबा हवा होता, जेवणाचा. दुकानात कंपनीने काय काय विकायला ठेवलंय! जुन्या तिकिटांच्या प्रती, कोळशाच्या रंगाची बिस्किटं, कावानेचा चहा. आईने चहा घेतला, पाव किलोची किंमत रुपयांत करून बघितली आणि दादाला म्हणाली, "अरे, हे पैसे त्या मधल्या रुळाला जातात का?" दादाने काउंटरवरच्या बाईंना विचारलं. त्या हसल्या, वाकल्या आणि शेजारची देणगीची पेटी दाखवली. आईने उरलेली सुट्टी नाणी त्यात टाकली, मग पाकीट परत उघडून एक नोट टाकली आणि आम्हाला म्हणाली चला, लोकल चुकेल.

कुणी जाणार असेल तर: इकावा लाइनवर दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत आणि वरून शेवटची अंधार पडायच्या आत सुटते, वर जाण्याआधी परतीची वेळ बघून ठेवा. आणि उंच असाल तर मागच्या डब्यात बसा, तिथे निदान गार्डशी बोलत उभं राहता येतं.